शंभरपर्यंत पाठ आहे, पण मोठी संख्या कोणती?

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यात सर्दी-तापाच्या मुलांची गर्दी होती. त्या गर्दीत एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या. मोठा मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. धाकटी मुलगी चार वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. मुलाला आपण बाळू म्हणू या.

बाळूचे पोट दुखत होते. त्यात नवे काहीच नव्हते. गेले दोन महिने त्याचे पोट दुखत होते आणि गेले दोन महिने मी त्याला औषध देत होतो. जंताचे औषध झाले, लघवी व शौचाची तपासणी झाली, मग सोनोग्राफीही झाली. सगळे व्यवस्थित. बाळूचे वडील बाजारात भाजीची हातगाडी लावतात. त्यांच्या चार दिवसांच्या कमाईवर माझ्या चिठ्ठीने पाणी फिरले होते आणि पोट मात्र दुखायचे थांबले नव्हते.

"डॉक्टर, रविवारी अगदी ठणठणीत असतो बघा. सोमवार उजाडला की पोट धरून बसतो," त्या माउली म्हणाल्या.

हे त्यांनी आधीही सांगितले असेल. माझेच लक्ष गेले नव्हते. मी बाळूला जवळ घेऊन विचारले, "काय रे, शाळेत काही होतं का?" तो खाली बघत राहिला. उत्तर दिले ते धाकटीने. "दादाला बाई फळ्यावर बोलावतात. गणिताला. मग सगळी मुलं हसतात."

दोन महिन्यांत मला जे सापडले नाही, ते चार वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितले.

दुखणे खोटे नसते

पहिली गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. अशा मुलाचे पोट खरोखरच दुखते. ते ढोंग नव्हे. मेंदू आणि आतडी यांचा मज्जातंतूंमार्फत सतत संबंध असतो. परीक्षेच्या आधी मोठ्या माणसांच्याही पोटात गोळा येतो, तोच हा प्रकार. वारंवार पोट दुखणाऱ्या शाळकरी मुलांपैकी बहुतेकांच्या पोटात तपासणीअंती कोणताही आजार सापडत नाही.

मात्र दुखण्यामुळे मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा लघवीला जळजळ असेल, अथवा दुखणे बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, तर 'शाळेची भीती' म्हणून सोडून देऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.

बाळूला यापैकी काही नव्हते. मी त्याला म्हटले, "एक ते शंभर येतात का?" त्याने एका दमात म्हणून दाखवले. कुठे अडखळला नाही. मग मी कागदावर ४७ आणि ५२ हे आकडे लिहिले आणि विचारले, "यातली मोठी संख्या कोणती?"

त्याने ४७ वर बोट ठेवले. "का रे?" "त्यात सात आहे. सात मोठा असतो."

मग मी सहज विचारले, "बाबांच्या गाडीवर एका गिऱ्हाइकानं सत्तेचाळीस रुपयांची भाजी घेतली आणि दुसऱ्यानं बावन्न रुपयांची. जास्त पैसे कुणी दिले?" बाळू क्षणभरही थांबला नाही. "बावन्नवाल्यानं! पाच रुपये जास्त."

त्या मुलाला गणित येत होते. फळ्यावरचा ५२ आणि बाबांच्या गल्ल्यातले बावन्न रुपये एकच आहेत, हे मात्र त्याला कोणी दाखवले नव्हते.

हा काही एकट्या बाळूचा प्रश्न नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले पुस्तकी पद्धतीची साधी उदाहरणे करताना अडत होती. उलट शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना पुस्तकातले बरे जमे आणि बाजारातला हिशेब जमत नसे. म्हणजे हाताला येणारे गणित आणि पाटीवरचे गणित यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

पाठ म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे

बाळू औषधाच्या खोलीत गेल्यावर मी धाकटीसमोर टेबलावर औषधाच्या बाटल्यांची झाकणे मांडली. एका ओळीत सात झाकणे अगदी जवळजवळ, दुसऱ्या ओळीत पाचच, पण ऐसपैस. "कुठल्या ओळीत जास्त?" तिने पाचांच्या लांब ओळीवर हात ठेवला.

आई ओशाळल्या. "अहो, हिलापण वीसपर्यंत येतं. मीच शिकवलंय." मी त्यांना सांगितले की यात काळजीचे काही नाही. चार वर्षांचे मूल लांबीला भुलते, हे वयाचे लक्षण आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशाच ओळी मांडून मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांचे त्यावरचे पुस्तक १९४१ साली निघाले. ओळ पसरली म्हणून वस्तू वाढत नाहीत, ही साधी वाटणारी गोष्ट मुलाच्या मनात पक्की व्हायला सहा-सात वर्षे जातात, असे त्यांना आढळले.

पुढे स्कॉटलंडमधील संशोधकांनी त्याला एक मजेदार पुरवणी जोडली. ओळ मोठ्या माणसाने गंभीरपणे हलवण्याऐवजी एका 'खोडकर' कापडी अस्वलाने विस्कटली, असे नाटक केले. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिले! कारण मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले असणार. आपणही घरी हेच करतो. मुलाने बरोबर सांगितले तरी "नक्की? नीट बघ!" असा पोलिसी खाक्या लावतो आणि मूल उत्तर बदलते.

दोष माझाही आहे. माझी मुलगी लहान असताना पाहुणे आले की मी तिला एक ते शंभर म्हणायला उभी करत असे. सगळे टाळ्या वाजवत. तिला "मला सहा बिस्किटे आणून दे" असे सांगून ती सहाच आणते का, हे मी कधी पाहिले नाही. अंक पाठ म्हणणे हे गाणे पाठ म्हणण्यासारखे आहे. गाण्यातला कोणता शब्द 'मोठा' हे मुलाला कसे कळणार?

घरातले खेळ

बाळूच्या आईला मी जे खेळ सांगितले, तेच इथे देतो. यासाठी एक पैसाही खर्च नाही आणि वेळ लागतो दहा-पंधरा मिनिटे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी झाडाखालच्या वस्तू घेऊन बालशिक्षण उभे केले, ते काही महागडी खेळणी आणून नव्हे.

१. कुणाच्या शेंगेत जास्त? मटार सोलताना तुम्ही एक शेंग घ्या, मुलाला एक द्या. उघडण्याआधी अंदाज करायला सांगा. मग दोन्ही शेंगांतले दाणे समोरासमोर जोडीने लावा, एकास एक. ज्याचा दाणा जोडीशिवाय उरेल, त्याचे जास्त. हा खेळ मोजता न येणाऱ्या मुलालाही खेळता येतो. 'जास्त' म्हणजे काय, याचा हा पहिला धडा.

२. मूठ-मूठ. आपल्याकडे एकी-बेकी खेळतात, त्याच चिंचोक्यांचा हा वेगळा खेळ. दोघांनी एकेक मूठ भरायची. कुणाच्या मुठीत जास्त, हे आधी बोलायचे आणि मग मोजून बघायचे. एक फेरी 'जास्त'वाल्याने जिंकायची, पुढची 'कमी'वाल्याने. हे मुद्दाम करावे, कारण मुलांना 'जास्त' लवकर कळते आणि 'कमी' उशिरा. पुष्कळ लहान मुले 'कमी कुठे' विचारले तरी जास्तीकडेच बोट दाखवतात. ऐकू येत नाही किंवा वात्रटपणा करतो असा अर्थ लावून पालक रागावतात, ते चुकीचे आहे.

३. मला चार दे. जेवायची पाने घेताना मुलाला सांगा, "चार वाट्या आण." त्याने आणल्या की विचारा, "आपण पाच जण आहोत. वाट्या कमी की माणसं कमी? किती कमी?" चार वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना मागितल्या तितक्याच वस्तू देता येऊ लागतात. कुणाला थोडे आधी, कुणाला थोडे नंतर.

४. पत्ते. पत्त्यांना नाक मुरडू नका. चित्राची पाने बाजूला काढा. भिकार-सावकारसारखेच पान उलटत जायचे, फक्त नियम बदलायचा. दोघांची पाने एकदम उलटायची आणि मोठे पान ज्याचे, त्याने दोन्ही घ्यायची. सत्ती मोठी की अठ्ठी, अशी शंका आली तर पानावरचे बदाम मोजायचे. पानावर आकडा आणि तितकीच चित्रे शेजारी-शेजारी असतात, म्हणून हा खेळ गुणकारी. दुर्री आणि दश्शी यांत मोठे कोण, हे मूल झटकन सांगते आणि सत्ती-अठ्ठीत घोटाळते. मोठ्या माणसांनासुद्धा जवळजवळचे आकडे ताडायला किंचित जास्त वेळ लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा धीर धरावा.

५. दहा घरांचा पट. जमिनीवर खडूने एका सरळ रेषेत दहा चौकोन आखा आणि डावीकडून १ ते १० लिहा. नाणे उडवायचे. छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन घरे पुढे. यात एक पथ्य आहे. मूल तिसऱ्या घरात असेल आणि काटा आला, तर त्याने "एक, दोन" म्हणायचे नाही. "चार, पाच" असे घरांचे आकडे म्हणत जायचे.

हा पट मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना असा पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे. एवढ्याने मुले लहान-मोठे आकडे अधिक बरोबर ओळखू लागली आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकून होते. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळणाऱ्या मुलांत असा फरक दिसला नाही. हे संशोधन २००८ सालचे. पुढे त्यांनी गोल पटही वापरून पाहिला, पण सरळ रेषेइतका उपयोग झाला नाही. मूल पुढे जाते, तसे आकडे वाढतात, अंतर वाढते, वेळही जास्त लागतो. 'मोठा आकडा' म्हणजे काय, हे डोळ्यांना, पायांना आणि कानांना एकदमच कळते. सापशिडी चांगलीच, पण तिच्यात रेषा उलट-सुलट वळतात. ती थोडी नंतर.

बावन्न की पंचवीस?

दोन अंकी संख्यांकडे वळलो की आपल्या मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण येते. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. म्हणून पंचवीस ऐकून कित्येक मुले ५२ लिहितात. त्यात 'एकोणतीस'! कानाला तीस ऐकू येते, पण आकडा विशीतला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वादाचा धुरळा उडाला. त्या वादात मला पडायचे नाही. पण मुलाची चूक ही निष्काळजीपणा नसून भाषेची अडचण असू शकते, एवढे तरी त्यानिमित्ताने पालकांना कळायला हवे होते.

'एकोण' म्हणजे एक उणे. तिसाला एक कमी ते एकोणतीस. हे मुलाला तीस काड्या देऊन, त्यातली एक काढून घेऊन दाखवले, तर तोच शब्द तुलनेचा धडा होतो.

बाळूसाठी मी खराट्याच्या काड्या सांगितल्या. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधायच्या. सत्तेचाळीस म्हणजे चार जुड्या, सात सुट्या काड्या. बावन्न म्हणजे पाच जुड्या, दोन सुट्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की सात सुट्या काड्यांचा तोरा आपोआप उतरतो. आणि वडिलांना सांगितले, संध्याकाळी गल्ला मोजताना दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी बाळूकडे द्या, आणि तोंडी झालेला प्रत्येक हिशेब त्याला पाटीवर आकड्यांत लिहायला लावा. पूल बांधायचा तो इथे.

काही पथ्ये

चिंचोके, मणी, मटार, शेंगदाणे यांचे खेळ लहान मुलांना एकट्याने खेळू देऊ नयेत. नाकात अडकलेले चिंचोके काढणे हा माझ्या धंद्याचा भागच आहे, पण शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी कांदे, बटाटे, वाट्या, चमचे अशा मोठ्या वस्तू घ्याव्यात. गाणारी-बोलणारी खेळणी आणलीत, तर त्यांतल्या गोल चपट्या बॅटरीचे झाकण स्क्रूने पक्के असल्याची खात्री करा. ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजून निघते. अशा वेळी घरी थांबू नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

मूल कंटाळले की खेळ थांबवावा. हरल्यावर चिडवू नये. मोबाइलवर गणिताचे खेळ असतात, पण काचेवर बोट फिरवून मूठ भरत नाही.

आणि सर्वांत मोठे पथ्य. मुलाला आकड्यांची तुलना शिकवावी, त्याची स्वतःची तुलना करू नये. "शेजारच्याला बघ, त्याला पाढेसुद्धा येतात" हे वाक्य बाळूच्या घरात रोज बोलले जात होते. आईनेच ते कबूल केले. त्यांचा हेतू चांगला होता, पण बाळूच्या पोटात गोळा आणण्यात त्या वाक्याचाही वाटा होता.

तरीही जमत नसेल तर?

आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा नीट न दिसणारे मूल गणितात कच्चे ठरते, हे मी कित्येकदा पाहिले आहे. रक्त कमी असेल तरी मुलाचे लक्ष लागत नाही, तेव्हा तेही पाहावे. शंभरात साधारण तीन ते सात मुलांना आकड्यांचीच विशेष अडचण असते. त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. त्याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलावर हा शिक्का मारायची घाई करू नये. सात-आठ वर्षांनंतरही घरी व शाळेत नीट प्रयत्न करून पाच-सहाचा फरक कळत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करावी. अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि त्यानुसार मुलाला सवलती मिळू शकतात.

बाळूला यातले काही नव्हते. त्याच्या आई शाळेत जाऊन बाईंना भेटल्या. बाईंच्या वर्गात मुले पुष्कळ, त्या तरी कुणाकुणाकडे बघणार! पण त्यांनी ऐकून घेतले आणि काही दिवस बाळूला फळ्यावर बोलावण्याऐवजी जागेवरच काड्या मांडू दिल्या.

दिवाळीनंतर ती तिघे पुन्हा आली, ती धाकटीच्या खोकल्यासाठी. बाळूचे पोट? "आता शनिवारी चाचणी असली तरच दुखतं," आई म्हणाल्या. म्हणजे पूर्ण बरे झाले नव्हते, पण रोजचे थांबले होते. गोळ्या मी बंद केल्या होत्या. धाकटीने माझ्या टेबलावरची झाकणे पुन्हा मागितली. या वेळी लांब ओळीकडे बघून ती थबकली, मग एकेक झाकण समोरासमोर सरकवू लागली. मी काहीच विचारले नाही.

तेव्हा पालकहो, आज संध्याकाळी भाजी निवडायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा, दोन शेंगा घ्या आणि विचारा, "जास्त कुठे?" त्याने चुकीचे सांगितले तर हसू नका. शेंगा उघडा आणि त्यालाच बघू द्या.